चौदाव्या पानावरही नसलेलं दुकान

१

ही गोष्ट कोणाला पटणार नाही, असं शिलाई मशीनवाले मालक सुरुवातीलाच सांगून टाकतात. मशीन दुरुस्त होईपर्यंत बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकाकडे ते चष्म्यावरून बघतात, तेलाची कुपी खाली ठेवतात आणि म्हणतात, "पटली, तर समजायचं माझं सांगायचं कुठंतरी चुकलं." गोष्टीत ते स्वतःलाही 'मालक' असंच म्हणतात. त्यांच्या मते आपली फुशारकी आपण मारणं बरं दिसत नाही, तिऱ्हाइताची म्हणून मारली की चालते. तर ते सांगतात ती गोष्ट अशी.

मालकांना आपल्या मरणाची बातमी आपल्याच दुकानात, भर अकरा वाजता कळली.

महिन्याची दहा तारीख. मालक एका पायमशीनच्या पोटात मान घालून बसले होते. शर्टांच्या कारखान्याचा मुकादम आत आला, चपला दाराशी काढल्या, एरवी कधी काढत नसे, आणि स्टुलावर बसून त्याने लांब सुस्कारा सोडला.

"फार वाईट झालं," मुकादम म्हणाला. "माणूस तिरसट होता, पण हात सोन्याचा."

"कोण?" मालकांनी मशीनच्या आतून विचारलं.

"कोण म्हणजे? मालक. मला तर परवा कळलं. सूनबाई कुठं आहेत? म्हटलं दोन शब्द बोलून यावं."

मालकांनी डोकं वर काढलं. मुकादमाने ते डोकं पाहिलं, आणि तो स्टुलासकट मागे गेला. दुकानातल्या कारागिराने त्याला सावरलं नसतं तर त्या दिवशी खरोखर एक मयत झाली असती.

पाणी प्यायल्यावर मुकादमाला कंठ फुटला. तीन आठवडे तो दुकानाचा नंबर शोधत होता. नेहमीसारखं मोबाइलवर 'शिलाई मशीन दुरुस्ती' असं टाकायचं, की सगळ्यात वर हेच दुकान यायचं. आता येत नव्हतं. नाव घालून बघितलं, तरी नाही. "बायको म्हणाली, अहो, म्हातारा गेला असेल, दुकान बंद करून टाकलं असेल पोरांनी. मलाही पटलं. म्हणून बारा मशीनं नाक्यावरच्या दुकानात टाकली."

बारा मशीनं. मालकांना मरणाच्या बातमीपेक्षा हा आकडा जास्त लागला.

सूनबाईने काउंटरवरचा कॉम्प्युटर चालू केला. फोन मंदावले म्हणून तिला गेले काही दिवस सगळ्यांची बोलणी बसतच होती. दुकानाची वेबसाइट तिनेच तीन वर्षांपूर्वी बांधली होती. कुठल्या मशीनला काय दुखतं, धागा का तुटतो, टाका का सुटतो, असं एकेक पान तिने मालकांना आणि कारागिराला विचारून विचारून लिहिलं होतं. लोक रात्रंदिवस तेच शोधत असतात, म्हणून शोधणाऱ्याला हे दुकान आधी दिसायचं. सगळी विद्या एवढीच. पण त्या एवढ्याच विद्येवर दिवसाला नऊ मशीनं दुकानात येऊ लागली होती.

तिने शोधलं. पहिल्या पानावर नाक्यावरचं दुकान. दुसऱ्यावर शेजारच्या गावातली दुकानं. पाचव्यावर खेळण्यातली शिलाई मशीनं विकणारा कोणीतरी. नवव्यावर एका माणसाने आपल्या आजीच्या मशीनवर केलेली कविता. चौदाव्या पानावर तर शिलाईचा संबंधच संपला, पोटाच्या टाक्यांचा डॉक्टर आला.

दुकान कुठेच नव्हतं.

सूनबाईचा चेहरा चुन्यासारखा झाला. मग तिने वर पत्त्याच्या पट्टीत साइटचा पत्ता एकेक अक्षर करून टाकला आणि बटण दाबलं.

साइट उघडली. सगळी पानं जागच्या जागी, सगळे फोटो शाबूत, नंबरही बरोबर. दुकान ठणठणीत होतं. फक्त जगाला ते दिसत नव्हतं.

२

मालक रागावले की भांडी वाजत नाहीत, आवाज उलट खाली जातो.

"सूनबाई," ते म्हणाले, "त्या साइटला हात कोणाचा लागतो?"

"माझा, बाबा."

"आणखी कोणाचा?"

खरं तर तिने मालकांना आणि कारागिरालाही आत कसं जायचं ते शिकवलं होतं. तयार झालेल्या मशीनचा फोटो ज्याचा त्याने चढवावा, म्हणून. पासवर्ड दोऱ्यांच्या खणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला होता. पण हे सांगणं म्हणजे दुसऱ्यावर ढकलणं, असं वाटून ती गप्प राहिली.

"मग ऐक. तीस तारखेपर्यंत फोन पूर्वीसारखे वाजले, तर ठीक. नाहीतर काउंटरची किल्ली माझ्याकडे दे. साइट मी पहिल्या पानाला देईन, आणि तू आपली घर बघ."

सूनबाईचा हात कमरेच्या किल्लीकडे गेला. शाळेतली नोकरी सोडून ती या काउंटरवर आली होती. नवरा बोटीवर, वर्षातले आठ महिने पाण्यात. तिची जमीन म्हणजे ही किल्ली. किल्ली गेली की ती या घरात स्वयंपाकापुरतीच उरणार, हे तिला कळत होतं आणि मालकांनाही कळत होतं.

पहिलं पान म्हणजे एक माणूस. त्याच्या कार्डावर लिहिलेलं होतं, 'तुमचं दुकान आठवड्यात पहिल्या पानावर', म्हणून सगळा बाजार त्याला त्याच नावाने हाक मारायचा. दोन महिन्यांपूर्वी सूनबाईने त्याला दारातून परत पाठवलं होतं. जाताना तो म्हणाला होता, "वहिनी, आज तुम्ही वर आहात. महिन्याभराने बघू."

आणि या दहा तारखेच्याच दुपारी हा गृहस्थ हसत दुकानात आला. "ऐकलं ते खरं का? मी म्हणालोच होतो."

कारागिराने हातातला पाना उचलला. तो मशीनसाठीच असावा, पण पहिलं पान दोन पावलं मागे सरकला.

मालकांनी आपल्या थोरल्या बहिणीला फोन केला. अक्का ग्रंथालयात चाळीस वर्षं होती. कॉम्प्युटरशी तिचा संबंध एवढाच, की त्याच्यावर धूळ दिसली की ती पदराने पुसायची. पण हरवलेली वस्तू शोधण्यात तिचा हात धरणारा कोणी नव्हता. एकदा तिने सतरा वर्षांपूर्वी हरवलेलं पुस्तक एका लग्नात, वधूच्या मामाच्या पिशवीतून काढलं होतं. आता सतरा की सात, हे मालकांच्या त्या दिवसाच्या मूडवर असतं.

अक्का आली, काउंटरजवळ बसली, सगळं ऐकून घेतलं. कॉम्प्युटरकडे तिने पाहिलंही नाही.

"पुस्तक कपाटात आहे ना? पान न् पान?"

"हो, आत्याबाई," सूनबाई म्हणाली.

"मग चोरी झालेली नाही. कोणीतरी सूचीतलं कार्ड काढलंय. वाचक बिचारा खणात कार्ड शोधतो, सापडत नाही, म्हणतो पुस्तकच नाही. आणि कार्डाच्या खणाला बाहेरच्या माणसाचा हात लागत नाही रे." तिने भावाकडे पाहिलं. "ज्याने काढलं तो रोज इथं बसून चहा पितो."

मालकांच्या हातात त्या वेळी चहाचाच कप होता. तो त्यांनी खाली ठेवला.

३

अक्काने आधी फोनवही मागवली. आलेला प्रत्येक फोन सूनबाई त्यात लिहायची: माणूस कोण, मशीन कुठलं, आणि शेवटी एक प्रश्न, आमच्याबद्दल कुठून कळलं. तिसऱ्या रकान्यात पानामागून पान 'शोधून, शोधून, शोधून' असं चाललेलं. मागच्या महिन्याच्या सोळा तारखेनंतर ते विरळ होत गेलं. बावीसनंतर एकही नाही. नुसतं 'शेजारणीने सांगितलं' आणि 'जुनं गिऱ्हाईक'.

"कार्ड पंधरा तारखेच्या आसपास निघालं," अक्का म्हणाली. "त्या हसऱ्याला बोलवा."

पहिलं पान या वेळी हसला नाही. अक्कासमोर बसलेली माणसं आपोआप शाळेतली होतात.

"तू धमकी दिली होतीस?"

"धमकी नाही हो, आजी. धंद्यात बोलायची पद्धत असते ती."

"तू एखाद्याला खाली ढकलू शकतोस?"

त्याने दाराकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "करतात काही जण. मी नाही. फालतू साइटींवरून शेकडो खोट्या लिंका, म्हणजे वाटा, जोडायच्या, खोटे शेरे लिहायचे. नाव खराब झालं की दुकान हळूहळू खाली जातं."

"हळूहळू म्हणजे?"

"महिने लागतात. पहिल्यावरून चौथ्या, चौथ्यावरून अकराव्या नंबरवर. कधी वर्ष जातं."

"आणि आठवड्यात पार नाहीसं करायचं असेल तर?"

पहिलं पान पहिल्यांदाच मनापासून चकित झालेला दिसला. "पार नाहीसं? नाव घालूनही नाही?" त्याने स्वतःच्या मोबाइलवर शोधलं. एकदा, दोनदा, तीनदा. "आजी, हे माझ्या बापाच्यानं व्हायचं नाही. बाहेरून माणसाला जिन्यावरून खाली ढकलता येतं. घरातून नाहीसं करता येत नाही. ते घरातल्याच माणसाला जमतं. त्यानं आतून दाराला सांगायला लागतं, की कोणी विचारलं तर आम्ही नाही म्हणून सांग."

रस्त्यावरून एक ट्रक गेला, तेवढ्याने काचेच्या कपाटातल्या सुया थरथरल्या.

अक्का सूनबाईकडे वळली. "पोरी, तुझा खण उघड."

सूनबाईने उघडला. बॉबिनच्या डब्याखाली एक घडी घातलेलं पत्र होतं. अक्काने ते वाचलं आणि न बोलता भावाच्या हातात दिलं. ते शाळेचं पत्र होतं: तुमची जागा अजून रिकामी आहे, परत यावं.

४

मालकांना वाटलं, पायाखालची फरशी कोणीतरी काढून घेतली. घरच्या सुनेला घरच्या दुकानातून सुटायचं होतं, तर तोंडाने सांगायचं. दुकानाचा गळा दाबायची काय गरज होती?

"बाबा, तारीख बघा," सूनबाई म्हणाली.

तारीख एका वर्षापूर्वीची होती.

"मी त्यांना नाही म्हणून कळवलं. पत्र ठेवलं, कारण..." ती थांबली. "मला कोणीतरी परत बोलावलं होतं, एवढंच. इथं कधी कोणी म्हणालं नाही, की तुझ्यामुळे चाललंय."

मालकांनी पत्राची घडी पूर्वीसारखी घालायला घेतली. त्यांना ती घडी नीट घालता येईना.

"मागच्या महिन्यात तू साइटचं काय काम केलंस?" अक्काने विचारलं.

"सगळी साइट नवी करायला काढली होती, बारा तारखेला. जुने फोटो काढले, पानं हलवली. चौदा तारखेला दुपारी एकला हातातलं काम टाकून बंदरावर गेले. ह्यांची बोट दोन दिवसांसाठी लागणार होती. निघताना सगळ्यांना सांगितलं, साइट अर्धी खोललेली आहे, कोणी काही हलवू नका, मी आले की जोडते. सतराला आले आणि जोडली."

"अर्धी खोललेली, असंच म्हणालीस?"

"हो. इथं सगळे तसंच बोलतात ना, मशीन खोललं, मशीन जोडलं."

अक्का उठून दुकानात फिरू लागली. कारागिराच्या बाकापाशी थांबली. कारागीर तीस वर्षं इथं होता, बोलायचा कमी, पण बोलायचा ते खरं.

"तुला या साइटचा राग आहे म्हणतात," अक्का म्हणाली.

"आहे," कारागीर म्हणाला. "आधी दिवसाला तीन मशीनं यायची. आता नऊ. कंबर माझी मोडते, साइटची नाही. फोन बंद झाले तेव्हा पहिले चार दिवस बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग सूनबाईंचं तोंड बघवेना."

"तू काढलंस का कार्ड?"

"मला कार्ड कळत नाही, अक्का. मला मशीनचं शटल कळतं."

बोलता बोलता अक्काने बाकावरच्या मशीनच्या हातचाकाला बांधलेली लाल चिंधी सोडायला हात घातला. कारागिराने तिचं मनगट असं धरलं, की सगळे चपापले. अक्काच्या मनगटाला चाळीस वर्षांत मुख्य ग्रंथपालानेही हात लावला नव्हता.

"माफ करा," कारागीर म्हणाला. "पण ती चिंधी माझी आहे."

"म्हणजे?"

उत्तर मालकांनी दिलं. दुकानाचा तो पहिला नियम, त्यांच्या वडिलांनी घातलेला. मशीन खोललं की चाकाला लाल चिंधी बांधायची. चिंधी असेपर्यंत ते मशीन कोणी चालवायचं नाही, पुढच्या कपाटात मांडायचं नाही, गिऱ्हाइकाला दाखवायचंसुद्धा नाही. पोट उघडं पडलेलं मशीन चारचौघांत मांडणं म्हणजे दुकानाची अब्रू जाते. आणि ज्याने चिंधी बांधली, त्यानेच ती सोडायची. एकदा एकाची चिंधी दुसऱ्याने सोडली, तर सुई बोटाच्या आरपार गेली होती.

"खोललेल्या मशीनला चिंधी बांधायला विसरतं का कोणी?"

"झोपेतसुद्धा नाही," मालक म्हणाले. "हात आपोआप जातो."

अक्का पुन्हा स्टुलावर बसली. तिने डोळे मिटले. सूनबाईला वाटलं, म्हातारीला डुलकी लागली.

"चाळीस वर्षांत मी स्वतः एकदा कार्ड काढलं होतं," अक्का डोळे मिटूनच म्हणाली. "पुस्तकाची पानं सुटली होती, बांधणीला दिलं होतं. म्हटलं, फाटकं पुस्तक वाचकांच्या नजरेला कशाला पडू द्यायचं. म्हणून काढलं. जपायला काढलं होतं मी ते." तिने डोळे उघडले. "हे वैऱ्याचं काम नाही रे. आपण सगळे वैरी शोधत बसलो."

५

"पोरी," अक्का म्हणाली, "तुझ्या त्या साइटला चिंधी बांधायची सोय असते का?"

सूनबाईला आधी प्रश्न कळला नाही. मग कळला. तिने हाताने तोंड झाकलं.

तिने साइटचं आतलं पान उघडलं. सेटिंगच्या यादीत खाली, जिथं ती तीन वर्षांत एकदाही गेली नव्हती, तिथं एक ओळ होती: 'शोधणाऱ्यांना सध्या ही साइट दाखवू नये'. तिच्यापुढे छोटा चौकोन. आणि चौकोनात बरोबरची खूण.

एक खूण. हिंगाच्या खड्याएवढीसुद्धा नाही. तेवढ्या खुणेने तीन आठवडे एक जितंजागतं दुकान पुरून टाकलं होतं. पहिलं पान अजून गेलेला नव्हता, तो पुढे वाकून बघत राहिला. "पंधरा वर्षं हे काम करतोय," तो पुटपुटला, "आणि मी सगळ्यांना भलतंच सांगत असतो."

रोज पहाटे साइटची एक प्रत आपोआप साठत असे. सूनबाईने जुन्या प्रती काढल्या. चौदा तारखेच्या पहाटे चौकोन रिकामा होता. पंधराच्या पहाटे त्यात खूण होती.

"म्हणजे चौदाला," अक्का म्हणाली. "सकाळी तू स्वतः काम करत होतीस. तुला आपलं काम झाकायचं असतं, तर बारालाच झाकलं असतंस, आणि सतराला जोडताना उघडलं असतंस. तुला हा चौकोन ठाऊकच नव्हता. एकनंतर तू बंदरावर. कोणीतरी इथं आला, फोटो चढवायला म्हणून साइट उघडली, बघतो तर काय, पोट उघडं. फोटो गायब, पानं अर्धी. त्याचा हात आपोआप चिंधीकडे गेला. चिंधी कुठं मिळते म्हणून तो शोधत शोधत खाली गेला, आणि त्याला हा चौकोन सापडला. हे सुचायला या दुकानात हात मळलेला माणूस पाहिजे. या पहिल्या पानाला सात जन्मांत सुचलं नसतं."

पहिल्या पानाने मान हलवली.

"पण मग त्याने सोडली का नाही?" सूनबाईने विचारलं. "मी तीन आठवडे... सगळे मला बोलत होते, आत्याबाई. त्याला दिसत नव्हतं?"

"तेच ना. चाकावरची चिंधी लाल असते, येता जाता डोळ्यांत खुपते, म्हणून सोडायची आठवण राहते. ही चिंधी कोणाला दिसत नाही. बांधली आणि मनातून गेली. तू परत आल्यावर म्हणालीस, जोडली. त्याला वाटलं, झालं."

आता उरले दोघे, मालक आणि कारागीर. इथं मालक गोष्टीत जरा थांबतात, पाणी पितात. मग सांगतात, की चौदा तारखेच्या सकाळी मालक डोळ्यांच्या दवाखान्यात होते. मोतीबिंदू काढला, डोळ्यावर पट्टी, दुपारी घरी अंथरुणात. दुकानात एकटा कारागीर.

सगळ्यांनी कारागिराकडे पाहिलं.

कारागिराला सुरुवातीला काहीच आठवेना. मग ती दुपार हळूहळू वर आली: रिकामं दुकान, चालू राहिलेला कॉम्प्युटर, त्याच्यावर ती उघडीवाघडी पानं, आणि मनात आलेलं, की सूनबाईंनी एवढं राबून केलेलं काम असं लोकांपुढे नको. प्रेमाने केलं होतं. आणि मग तीन आठवडे त्याच पोरीला सगळ्यांनी घालून पाडून बोललेलं त्याने ऐकलं होतं, तोंडातून ब्र न काढता. कोणाला कळणार नाही, अशी लाज त्याच्या पोटात उतरली. माणसाने चोरी केली तर तो पळून तरी जाऊ शकतो. हे करून कुठं पळणार?

"माझ्या हातून झालं," तो म्हणाला.

"मग सोडायचीही तुम्हीच," सूनबाई म्हणाली. तिने उठून खुर्ची रिकामी केली.

त्याने बाण चौकोनावर नेला. बाण चार वेळा बाजूला गेला. सूनबाई शेजारी उभी होती. तिने त्याच्या हातावर हात ठेवला नाही. ज्याची चिंधी त्याने सोडायची. पाचव्या वेळी खूण गेली.

६

खूण जाऊनही फोन वाजला नाही.

पहिलं पान म्हणाला, जगाला परत कळायला वेळ लागतो, शोधणारी यंत्रं एकेक दार पुन्हा ठोठावत येतात. त्याने येऊन सूनबाईला काय काय करायचं ते दाखवलं, आणि त्याबद्दल फक्त चहा घेतला. तेरा गेली, वीस गेली. सूनबाई रोज सकाळी शोधायची. पंचविसाला दुकान तेराव्या पानावर दिसलं, पोटाच्या टाक्यांवाल्या डॉक्टरच्या जरा वर. अठ्ठाविसाला तिसऱ्यावर. पण फोन नाही.

तीस तारीख उजाडली. मालकांनी शब्द दिला होता, आणि दुकानात सगळ्यांना तो ठाऊक होता. खुणेचं रहस्य उलगडलं तरी किल्लीचा शब्द कोणी मागे घेतलेला नव्हता. सूनबाईने मागितला नाही, मालकांना घेता येत नव्हता. काही माणसांना 'माझं चुकलं' म्हणण्यापेक्षा दुकान बुडवणं सोपं जातं. दिवसभर ती किल्ली कमरेला न लावता काउंटरवर ठेवून बसली होती, मागितली की लगेच देता यावी म्हणून.

संध्याकाळी सहाला पाच मिनिटं कमी असताना फोन वाजला.

सूनबाईने उचलला. कोणी बाई होती, धागा सारखा तुटत होता. सूनबाईने मशीन कुठलं ते लिहिलं, वेळ लिहिली. मग तिने नेहमीचा प्रश्न विचारला.

"आमच्याबद्दल कुठून कळलं?"

कारागिराने हातातला पाना खाली ठेवला.

"मोबाइलवर शोधलं," बाई म्हणाली. "धागा का तुटतो असं टाकलं, तर तुमचं पान सगळ्यात आधी आलं. लिहिलंय कोणी हो? माझ्या आईनं समजावल्यासारखं लिहिलंय."

सूनबाईने फोन ठेवला आणि वहीत लिहिलं: 'शोधून'. मालक उठले. काउंटरवरची किल्ली त्यांनी उचलली, सूनबाईच्या हातात दिली, आणि तिची बोटं मिटवली. "हे तुझ्यामुळे चाललंय," ते म्हणाले. जन्मात पहिल्यांदा म्हणाले, आणि दुकानातल्या सगळ्यांच्या देखत म्हणाले. कारागिरालाही त्यांनी मोठ्या मनाने माफ केलं, अगदी जवळ घेऊन. म्हणाले, "अरे, माणसाच्या हातून होतं."

गोष्ट संपली, की मालक चष्मा काढून पुसतात.

आज बाकावर एक शिंपीणबाई बसली होती. आपलं मशीन विसरून ती ऐकत राहिली होती. "आणि तो कारागीर?" तिने विचारलं. "एवढं झाल्यावर तो राहिला इथं?"

"जाणार कुठं," मालक मायेने म्हणाले. "तो काय समोरच बसलाय."

बाई वळली. खिडकीजवळच्या बाकावर कारागीर एका मोटरवर वाकला होता. त्याच्या ओठांत चार स्क्रू धरलेले होते, म्हणून इतका वेळ तो गप्प होता. त्याने ते एकेक करून काढले, वाटीत ठेवले आणि डोळ्यांवरचा जाड काचेचा चष्मा कपाळावर चढवला.

"मालक," तो शांतपणे म्हणाला, "मोतीबिंदू माझा काढला होता. चौदा तारखेला पट्टी बांधून मी घरी पडलो होतो. दुकानात तुम्ही एकटेच होतात."